मुकादमिणीचा झगा

"हे कपडे नाहीत, बाई. हा शाळेतल्या पोरांचा फॅन्सी ड्रेस आहे," असं म्हणत दिग्दर्शकानं चित्रांचा गठ्ठा टेबलावरून ढकलला आणि चित्रं तालमीच्या हॉलभर पसरली. उचलायला कोणी वाकलं नाही. नटमंडळी आपापल्या चहाच्या कपात काहीतरी शोधत बसली. शेवटी जिनं ती काढली होती तीच गुडघे टेकून एकेक गोळा करायला लागली, तेव्हा तो वरून म्हणाला, "सावकाश. जमिनीवर तशीही जास्त शोभतायत."

नाटकगृहात तिला सगळे बाई म्हणत. घरी ती थोरली. आपणही थोरलीच म्हणू, कारण या गोष्टीचा निकाल घरातच लागायचा आहे.

नाटक होतं साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच्या एका बाटल्यांच्या कारखान्यावरचं. तिथे एके दिवशी भट्टी फुटली, माणसं जळून मेली, आणि पलीकडच्या शेडमध्ये बाटल्या निवडणाऱ्या बायकांना मात्र त्यांच्या मुकादमिणीनं कामाची पाळी संपेपर्यंत जागेवरून उठू दिलं नाही. हे काम थोरलीनं मिळवलं तेच मुळी आईच्या नावावर. "माझी आई त्याच शेडमध्ये होती," असं तिनं पहिल्या भेटीतच छातीठोकपणे सांगितलं होतं. आता तेच तिच्या गळ्याशी आलं.

"तुमची आई होती ना तिथे?" दिग्दर्शक म्हणाला. "मग विचारा की तिला. का तिनंही असलेच इस्त्रीचे एप्रन घातले होते?"

हॉलमध्ये कोणीतरी फिसकन हसलं. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तिनं गोळा केलेली चित्रं नुसती काखेत मारली. इतकी वर्षं या धंद्यात काढली, किती जणांना नटवलं, आणि नाव मात्र कायम जाहिरातीच्या तळाला, बारीक अक्षरात. हे नाटक मोठं होतं. हे हातचं गेलं तर उरलेलं आयुष्य पोरांना सशाचे कान शिवून देण्यात जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

बरं, तिनं अभ्यास केला नव्हता असं अजिबात नाही. जुन्या फोटोंसाठी तिनं जिवाचं रान केलं होतं. पण मालकलोक फोटो काढायचे म्हणजे आधी सगळ्या बायकांना धुतलेले कपडे घालायला लावायचे, केस विंचरायला लावायचे. कामाच्या दिवशी त्या कशा दिसत, ते कोण कशाला टिपून ठेवणार? मुकादमीण तर एकाच फोटोत होती, आणि तीही कडेला कापलेली. एक बाही आणि त्या बाहीशेजारी लोंबणारा किल्ल्यांचा जुडगा, बस्स. नाटकातली सगळ्यांत मोठी भूमिका त्या मुकादमिणीचीच होती, आणि थोरलीच्या हातात काय, तर एक बाही.

राहिली आई. पण आईला विचारायचं म्हणजे पंचाईत. आईचं डोकं गेल्या काही वर्षांत पार विस्कटलं होतं.

आई धाकटीकडे राहायची. दोन खोल्या, अरुंद जिना, खिडकीत कायम वाळत घातलेल्या चादरी. धाकटीनं नोकरी सोडली, ठरत आलेलं लग्न सोडलं, आईचं न्हाणं-धुणं, भरवणं, निजवणं सगळं अंगावर घेतलं. आणि याचं फळ काय? आई तिला ओळखायचीच नाही. "अहो बाई" म्हणायची. "अहो बाई, तुम्ही फार करता हो माझं. तुमच्या घरी वाट बघत असतील, जा आता." धाकटी म्हणायची, "जाते हं," आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची.

थोरली मात्र कधीमधी उगवली की दारातच आईचा चेहरा फुलायचा. "आली! माझी मैना आली!" नवरा विसरली, सासर विसरली, स्वतःचं वय विसरली, पण मैना विसरली नाही. लहानपणी थोरलीला ती मैना म्हणायची, तेच नाव जिभेवर पक्कं राहिलं होतं. थोरलीला त्याचा काय तोरा! आयुष्यात कुठे कुणी तिला पहिला नंबर दिला नव्हता, तो इथे मिळत होता, तोही काडीचं काम न करता.

"आता तिच्या लेखी तू पगारी बाई, त्याला मी काय करू?" असं ती एकदा धाकटीच्या तोंडावर म्हणालीसुद्धा होती, वर हसून.  धाकटी असल्या गोष्टी विसरणाऱ्यातली नव्हती.

आईच्या डोक्यात काळाचा सगळा गुंता झालेला. मैना समोर बसलेली असायची आणि त्याच वेळी दादा भट्टीवर गेलेला असायचा. दादा म्हणजे आईचा मोठा भाऊ. त्या भट्टीच्या स्फोटात गेला तो. आई शुद्धीत होती तोवर तिनं त्याचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. मुलींना मामाबद्दल कळलं ते इतरांकडून. आणि आता? आता दादा रोज संध्याकाळी यायचा असायचा. पावाचा अर्धा तुकडा आई बशीखाली झाकून ठेवायची. "दादा भट्टीवरून भुकेला येतो," म्हणायची. अंधार पडला की धाकटी तो तुकडा गुपचूप उचलायची आणि सांगायची, "खाऊन गेला हो. तुमचा डोळा लागला होता." "खाल्लं ना पोटभर?" "पोटभर." मग आई शांत निजायची. गेली काही वर्षं त्या घरात सुख म्हणून जे काही होतं ते एवढंच.

दिग्दर्शकाच्या त्या पाणउताऱ्यानंतर थोरली मांजरपाटाचा कच्चा शिवलेला एप्रन घेऊन आईकडे गेली. आमच्या धंद्यात खरं कापड कापायच्या आधी स्वस्त मांजरपाटावर बेत करून बघतात, अंगावर चढवून खडूनं खुणा करतात, मगच कात्री चालते, असं ती धाकटीला सांगत होती. धाकटीला त्यात रस नव्हता. "चहा घेणार का?" एवढंच तिनं विचारलं.

एप्रन आईच्या मांडीवर ठेवायचा अवकाश, आईच्या बोटांना जाग आली. तिनं शिवण चाचपली, कापड उलटं केलं आणि तोंड वाकडं केलं. "हे कुणी शिवलं ग? खिसा उघडा? बाईसाहेब फाडून खातील."

"खिसा नसायचा का आई?"

"असायचा, पण शिवून टाकलेला. पोरी गोट्या चोरतात ना, सोड्याच्या बाटलीतल्या." आई मैनेकडे बघून डोळे मिचकावत हसली. "मी पण चोरल्यात. मोज्यात घालून."

थोरलीला कोण आनंद! तिनं एप्रन सरळ आईच्या अंगावरच चढवला. मग काय, आई सुरूच झाली. डोक्याचा रुमाल हनुवटीखाली बांधायचा नाही, मागून कॉलरच्या आत खोचायचा, नाहीतर काचेचा चुरा पाठीत उतरतो. डाव्या हाताची बाही कोपरापासून मनगटापर्यंत दुहेरी, कारण बाटल्या त्या हातावर तोलून धरायच्या. तडा गेलेली बाटली डोळ्यांना दिसत नाही, नखानं टिचकी मारली की आवाजावरून कळते. थोरली एका हातानं चित्र काढत होती, दुसऱ्या हातानं आईचं मनगट धरून बाहीची लांबी घेत होती. सोन्याची खाण सापडावी तसं झालं होतं तिला.

पुढच्या बैठकीला दिग्दर्शकानं नवी चित्रं एकेक करून पाहिली, आणि या खेपेला एकही ढकललं नाही. शिवलेल्या खिशाचं चित्र तर त्यानं भिंतीला टाचून ठेवलं. "आता कुठे काम दिसायला लागलं, बाई," तो म्हणाला. थोरली मनातून हरखलीच. तेवढ्यात त्यानं विचारलं, "आणि माझी मुकादमीण? ती कुठाय?"

घोडं अडलं ते इथेच.

आईला काहीही विचारा, बोलायची. मुकादमिणीचं विचारलं की तोंडाला कुलूप. "बाईसाहेब," इतकंच म्हणायची आणि खिडकीबाहेर बघायची. कॉलर कशी होती, झगा किती लांब, बटणं पुढे की मागे?  तेव्हा थोरलीनं ठरवलं, विचारून सांगत नाही ना, मग दाखवून बघू. तिनं मुकादमिणीचा मांजरपाटाचा झगा शिवला आणि स्वतःच अंगात घालून आईसमोर उभी राहिली.

पहिल्या दिवशी आई पोट धरधरून हसली. "अग मैने, हे काय ध्यान! बाईसाहेब काय अशा पोतं पांघरून यायच्या? कमरेत आवळ, आवळ अजून!" धाकटीसुद्धा दारात उभी राहून हसली. खरं सांगायचं तर त्या घरात बऱ्याच दिवसांनी तिघी एकत्र हसत होत्या. तिथेच थांबली असती तर किती बरं झालं असतं! पण थांबते कसली.

थोरलीनं कंबर आवळली. आई हसली, पण जरा कमी. थोरलीनं कॉलर ताठ केली, मानेपर्यंत बटणं घेतली. आई हसली नाही, "मैना आहेस ना तू?" असं तिनं विचारलं. थोरली म्हणाली, "हो, मैनाच. काय चुकलं सांग." "किल्ल्या," आई म्हणाली. "किल्ल्या आधी ऐकू यायच्या. मग त्या. मग खांद्यावर हात."

आणि इथे थोरलीला ती युक्ती सुचली. युक्ती कसली, कपाळ! झगा बरोबर जमला की नाही हे कसं ओळखायचं, याचं माप तिला सापडलं. आई जोवर मैना म्हणतेय तोवर कुठेतरी चूक आहे. आई ज्या दिवशी ओळखायची नाही, त्या दिवशी झगा जमला. नाटकातला मोठ्यात मोठा पारखीसुद्धा यापेक्षा नेमकं सांगू शकला नसता, असं तिला वाटलं, आणि आपल्या हुशारीचं तिला कौतुकच वाटलं.

नाटकगृहाच्या कपडेखान्यात शिंपीमास्तर खऱ्या कापडाचा झगा शिवत होते. काळपट राखाडी, जाड. शिवून झाल्यावर थोरलीनं तो जुना करायला घेतला. कोपरांवर किसणी फिरवली, काठांना पॉलिश पेपर घासला, चहाच्या पाण्यात बुडवून काढला, बाहीच्या टोकांना मेण चोळून चकाकी आणली. किल्ल्यांच्या वजनानं कमरेपाशी कापड ओढलं जायला हवं, म्हणून ओल्या झग्याला लोखंडी वजन टांगून ठेवलं. मास्तरांनी पुतळ्यावर चढवलेल्या त्या झग्याकडे बघितलं आणि पुतळ्याचं तोंड भिंतीकडे वळवून ठेवलं. "असं कुणीतरी मागे उभं असलं की हात चालत नाही," ते म्हणाले. थोरलीनं ते कौतुक समजून खिशात टाकलं.

झगा घेऊन ती आईकडे आली तेव्हा धाकटीनं तिला जिन्यातच अडवलं.

"आता पुरे कर. तू गेल्यावर ती कशी बसते माहीत आहे तुला? हात थांबत नाहीत तिचे. हवेतल्या बाटल्या निवडत बसते."

"किती वेळ?"

"म्हणजे?"

"किती वेळ बसते? अर्धा तास? मग विसरते ना?" थोरली पिशवी सांभाळत म्हणाली. "जिला सगळंच विसरायला होतं तिला त्रास कसला? त्रास व्हायला आठवावं लागतं, बाई माझे."

"ती तुझी आई आहे ग."

"माझी आहे, हे तिलाही माहीत आहे. तुझी आहे, हे माहीत आहे का तिला?"

यावर धाकटी बाजूला झाली. तिचा चेहरा असा झाला की दुसऱ्या कुणाची मान खाली गेली असती. थोरलीला त्या घडीला सुचलं ते एवढंच, की जिन्यात उजेड चांगला आहे, झग्याचा रंग इथे बघून घ्यावा.

दोन-तीन फेऱ्या अशाच गेल्या. आई आता मैना म्हणण्याआधी थांबायची. मग एकदा 'तुम्ही' म्हणाली आणि लगेच जीभ चावली. थोरलीच्या अंगावर रोमांच उभे राहिले. जमत आलं होतं.

शेवटच्या दुपारी धाकटी औषधं आणायला बाहेर गेली होती. थोरलीनं मुद्दामच तशी वेळ धरली होती. तिनं आईला एप्रन चढवला, रुमाल कॉलरमध्ये खोचला, टेबलाशी बसवलं. मग आतल्या खोलीत जाऊन झगा घातला, केस घट्ट मागे ओढले, कमरेला किल्ल्या लावल्या आणि चालायला लागली. हळूहळू, एकेक पाऊल टाकत, किल्ल्या वाजवत.

आईची पाठ ताठ झाली. हात टेबलावर चालायला लागले. उचल, टिचकी, ठेव. उचल, टिचकी, ठेव.

थोरली तिच्या मागे जाऊन उभी राहिली. आईनं वळून बघितलं नाही. तेव्हा थोरलीनं विचारलं, "हात कुठल्या खांद्यावर ठेवला होता?"

आईचा डावा खांदा आपसूक आक्रसला. थोरलीनं हात त्याच खांद्यावर ठेवला.

"सांगू नका, बाईसाहेब," आई म्हणाली.

आवाज म्हाताऱ्या बाईचा नव्हताच. सतरा-अठरा वर्षांच्या पोरीचा होता.  क्षणभर थोरलीचा हात उचललाही गेला. पण मग तिला ती जमिनीवर पसरलेली चित्रं आठवली, आणि तो हात तिनं पुन्हा जिथल्या तिथे ठेवला.

"काय सांगू नको?"

"दादाचं. दादाचं सांगू नका ना."

"हातात मोजा होता का माझ्या?"

"मी उठत नाही बाईसाहेब. पाळी संपेपर्यंत उठत नाही. एक बाटली सोडत नाही. पण सांगू नका."

"मोजा होता का, ते सांग आधी."

"एकाच हातात." आईचे हात वेड्यासारखे चालत होते. "दुसरा भट्टीपाशी... दुसरा जळला तुमचा. काळा झालाय. वास येतोय त्याचा. सांगू नका ना हो, पाया पडते."

एकच मोजा! दुसरा भट्टीत जळलेला! कुठल्या पुस्तकात मिळाला असता हा मोजा? थोरलीनं खांद्यावरचा हात काढला आणि टेबलावरचा खडू घेऊन तिथेच, झग्याच्या बाहीवर, खूण केली. आई ओक्साबोक्शी रडत होती आणि रडताना हात थांबवत नव्हती. दार उघडलं तेव्हा धाकटीला हे दिसलं: आई हवेतल्या बाटल्या निवडतेय आणि तिच्या मागे थोरली स्वतःच्या बाहीवर खडूनं रेघ ओढतेय.

धाकटीनं औषधाची पिशवी खाली ठेवली. "नीघ," ती म्हणाली.

"निघतेच आहे. झालं माझं." थोरली किल्ल्या सोडत म्हणाली. "अर्ध्या तासात विसरेल बघ."

आणि ते खरंही झालं. संध्याकाळपर्यंत आईला झगा आठवत नव्हता, कोणी आलं होतं हेही आठवत नव्हतं. फक्त पाव दिला तेव्हा तिनं तो सगळा खाल्ला, बशीखाली काही ठेवलं नाही. धाकटीनं विचारलं, "दादासाठी?" आईनं तिच्याकडे बघितलं, मान खाली घातली आणि ताट पुसत राहिली. धाकटीनं रडत रडत थोरलीला फोन केला. थोरली तेव्हा हातमोजा जाळत होती, मेणबत्तीवर, बोटाबोटानं. "बरंच झालं की," ती म्हणाली. "रोजचा पाव तरी वाया जाणार नाही."

असं बोलवतं तरी कसं माणसाला? पण बोलली खरी.

नाटक उभं राहिलं. पहिल्या प्रयोगाला थिएटर खचाखच भरलं होतं. दुसऱ्या अंकात शेडमध्ये बायका ओळीनं बसलेल्या, मागून आधी किल्ल्या ऐकू आल्या, मग मुकादमीण आली. एका हातात घातलेला मोजा, दुसऱ्या काजळलेल्या मुठीत जळका मोजा. तिनं एका पोरीच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला आणि पोरगी न वळता म्हणाली, "सांगू नका, बाईसाहेब." हे वाक्य नाटकात आधी नव्हतं. थोरलीनं ते दिग्दर्शकाला दिलं होतं, झग्याबरोबर. प्रेक्षागृहात लोकांचे हुंदके ऐकू येत होते. थोरली विंगेत उभी राहून बघत होती, ती झग्याची कमरेपाशी पडलेली ओढ. नेमकी पडली होती.

पडदा पडल्यावर दिग्दर्शकानं तिला हाताला धरून रंगमंचावर नेलं. "हे कपडे शिवलेले नाहीत," तो लोकांना म्हणाला, "हे एका जिवंत साक्षीदाराच्या तोंडून आलेले आहेत. बाईंच्या मातोश्री!" टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळं थिएटर उभं राहिलं. थोरलीला एवढ्या मोठ्या गजरात एकच वाटलं, की हे आईला सांगायचं. ती म्हणेल, माझी मैना. बाकी कुणी काही म्हणो, ते एक ऐकलं की झालं. तिला खरंच रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आईकडे गेली. हातात रंगमंचावर मिळालेला फुलांचा गुच्छ होता. साधेच कपडे होते, नेहमीचे; डोळ्यांवर चष्मा, गळ्यात मोजायची फीत, जी ती घरीसुद्धा काढायची विसरायची. जिना चढतानाच तिनं हाक मारली, "आई, मैना आली ग!"

धाकटी आईचे केस विंचरत होती. आईनं दाराकडे बघितलं.

थोरली हसत वाट बघत उभी राहिली. आईच्या मांडीवरचे हात हलायला लागले. उचल, टिचकी, ठेव.

"आई, मी आहे."

"उठत नाही मी, बाईसाहेब," आई म्हणाली.

थोरलीला वाटलं, फितीमुळे होत असेल. तिनं फीत काढून खिशात कोंबली. चष्मा काढला. केस मोकळे सोडले. "बघ ना आई. झगा नाही, किल्ल्या नाहीत, काही नाही. मी मैना. तुझी मैना." तिनं पुढे होऊन आईच्या खांद्याला हात लावला. डाव्याच खांद्याला. तो खांदा तिला पाठ झाला होता.

आई किंचाळली. खुर्चीतून अर्धवट उठली, मग उठायचं नसतं हे आठवल्यासारखी परत बसली आणि विंचरणाऱ्या धाकटीच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारून तिच्या पोटात तोंड लपवलं.

"मैने," ती धाकटीला म्हणाली, "ह्यांना सांग ना. मी एकही बाटली सोडली नाही. ह्यांना जायला सांग, मैने."

 धाकटीच्या हातातला कंगवा तसाच अधांतरी राहिला. इतकी वर्षं जिला 'अहो बाई' ऐकावं लागलं, तिला आज हाक मिळाली होती, आणि तीही दुसऱ्याच्या नावानं. तिनं थोरलीकडे बघितलं. थोरलीचे ओठ हलत होते, मी, मी, असं काहीतरी. 'मी नाही मैना आई, ती बघ,' एवढं म्हणायला धाकटीला काय लागलं असतं? एक वाक्य. तिनं ते म्हटलं नाही.

"सांगते हं आई," धाकटी म्हणाली आणि आईच्या पाठीवरून हात फिरवला. मग वर न बघता थोरलीला म्हणाली, "बाईसाहेब, तुम्ही या आता."

थोरली बाहेर आली. दार मागे लागलं, आतून कडी सरकली. गुच्छ तिच्या हातातच राहिला होता. ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली. पातळ दाराआडून आतलं सगळं ऐकू येत होतं.

"गेल्या का ग, मैने?"

"गेली, आई."